लेमन बाम बियांपासून: पुण्यात पेरायचं ते दिवाळीनंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची बाल्कनी आहे. लेमन बामच्या, म्हणजे लिंबाच्या वासाच्या, पुदिन्यासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या, बियांचं पाकीट मागवलं, त्यावर ‘वसंतात पेरा’ असं होतं म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस कुंडीत पेरलं आणि वर अर्धा इंच माती टाकली. एकही कोंब दिसला नाही. जूनमध्ये पुन्हा पेरलं, तेव्हा पाच-सहा रोपं वर आली आणि आठवड्याभरात एकेक करून आडवी पडली. आता सप्टेंबर आहे. पाकिटात चिमूटभर बी उरलंय. ते टाकून द्यावं का, आणि मुळात हे झाड पुण्यात बियांपासून होतं का?

होतं. टाकून देऊ नका. सोलापूर रस्त्याला माझी छोटी रोपवाटिका आहे, तिथे गेली बावीस वर्षं मी सुवासिक पानांची रोपं करतो: पुदिना, मरवा, ओवा, गवती चहा आणि लेमन बामही. तुमचं वर्णन वाचून मला बियांविषयी फारशी शंका वाटत नाही. पहिल्या वेळी बी मातीखाली गाडलं गेलं आणि दुसऱ्या वेळी पाणी वरून पडलं. आणि दोन्ही वेळा महिना चुकला. या तिन्हींत महिन्याची चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

हे झाड मूळचं भूमध्य समुद्राच्या भोवतालचं आणि पश्चिम आशियातलं. पाकिटावरचा ‘वसंत’ तिकडचा असतो. तिकडे वसंतात दिवसा पंधरा-वीस अंश असतात, थंडी ओसरत असते आणि पुढे रोपाला वाढायला सौम्य उन्हाळा मिळतो. आपल्याकडे फेब्रुवारी संपताना उन्हाळा दारात उभा असतो. मार्चमध्ये पारा ३५ च्या पुढे, एप्रिलमध्ये ३८-४०. फेब्रुवारीअखेर पेरलेलं बी उगवलं असतं तरी दीड महिन्याचं, चार-सहा पानांचं रोप नेमकं एप्रिलच्या तोंडी सापडलं असतं. तिकडच्या वसंताच्या सगळ्यात जवळ जाणारी हवा पुण्यात मिळते ती नोव्हेंबर ते जानेवारी: दिवसा २८-३० अंश, रात्री १०-१५. म्हणजे या झाडाचा वसंत आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होतो. ऑक्टोबरचा उष्मा गेला, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटायला लागलं की पेरा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पेरलेलं चालतं. संक्रांतीनंतर मी पेरत नाही, कारण उन्हाळ्याआधी मुळांना पुरेसे दिवस मिळत नाहीत.

हे मी नुकसान सोसून शिकलो. पहिल्याच वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात ट्रे भरले होते. साठ-पासष्ट रोपं छान वर आली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या, मग पानं चुरगळली, आणि मे उजाडेपर्यंत एक रोप राहिलं नाही. मी दोष बियांना दिला, दुसरीकडून बी आणलं, तेही तसंच गेलं. त्याच पाकिटातलं उरलेलं बी नोव्हेंबरमध्ये सहज म्हणून एका ट्रेवर भुरभुरलं होतं. ती रोपं जगली, आणि त्यातल्या काही झाडांचे फुटवे वेगळे करून मी पुढची कित्येक वर्षं रोपं केली.

आता बी हातात आहे ते लेमन बामचंच आहे ना, याची खात्री. हा मुद्दा उगाच काढत नाही. एकदा एका विक्रेत्याकडून ‘लेमन बाम’ म्हणून आलेलं बी पेरलं तर लेमन बेझिल निघालं, म्हणजे लिंबाच्या वासाची तुळस. चांगलं झाड आहे, पण वेगळं. घरी ओळखायची सोपी खूण आहे. पाच-सहा बिया चमचाभर पाण्यात टाका. पंधरा मिनिटांत त्या सब्जासारख्या टम्म फुगून पांढऱ्या गरात गुरफटल्या, तर ते तुळशीच्या जातीचं बी समजा. लेमन बामचं बी सब्जापेक्षा बारीक असतं, एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार मावतात. नर्सरीतून तयार रोप घेताना पान बघा: लेमन बामचं पान थोडं खरखरीत, सुरकुतलेलं, पुदिन्याच्या मोठ्या भावासारखं, कडेला गोलसर दाते. देठ चौकोनी, पानं समोरासमोर. गुळगुळीत, लांबट पान असेल तर ती तुळस. गवती चहा तर गवतच आहे, त्यात घोटाळा व्हायला नको. पण ‘लेमन’ या एका शब्दाखाली लोक तिन्ही विकतात आणि तिन्ही घेतात. तिन्हींचा वास एकमेकांना जवळचा वाटतो तो सिट्रल या द्रव्यामुळे. ते तिन्हींत असतं, गवती चहात भरपूर आणि लेमन बामच्या पानात अगदी थोडं. म्हणूनच खरं लेमन बामचं तेल फार महाग पडतं आणि त्यात गवती चहाच्या तेलाची भेसळ होते.

आता पेरणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांचं बी इथेच वाया जातं.

या बियाला उगवायला उजेड लागतो. मेथी, धने, पालक पेरायची सवय असलेला हात आपोआप वर माती ओढतो. लेमन बामवर अर्धा इंच माती म्हणजे त्याला अंधारकोठडीत टाकणं. शिवाय दाणा इतका लहान की त्याच्या पोटात तेवढी माती फोडून वर यायला शिदोरीच नसते. तेव्हा बी मातीवर ठेवायचं, मातीत नाही.

भांडं म्हणून मी घरच्या लोकांना स्ट्रॉबेरीचा पारदर्शक डबा सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबरात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी बाजारात यायला लागते आणि पेरणीचा मुहूर्तही तोच. डब्याला झाकण असतं, हवेला भोकं असतात, आत उजेड पोचतो. तळाला भोकं नसतील तर गरम सुईने पाच-सहा पाडा. आत कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरा. कोकोपीटची वीट भिजवली की पहिलं पाणी चहासारखं तपकिरी निघतं, त्यात क्षार असतात. ते दोनदा तरी पिळून टाका. त्यात गांडूळखत घालायचंच असेल तर रव्याच्या चाळणीने चाळून, आठात एक भाग, त्याहून जास्त नको. कुंडीतली जुनी माती अजिबात नको. जूनमध्ये तुमची रोपं कोलमडली त्याचं अर्धं कारण ती माती असणार, कारण कोवळ्या मानेवर बसणारी बुरशी त्यातच मुरलेली असते.

कोकोपीट डब्यात दोन इंच भरा आणि हाताने सपाट करा. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब टपकेल इतकंच ओलं असू द्या. आता बी. चिमटीने टाकलं तर सगळं एका जागी पडतं. मी कागद मधोमध दुमडतो, त्या घडीत बी ठेवतो आणि पेन्सिलीने कागदाच्या कडेवर हळूच टिचक्या मारतो, म्हणजे दाणे एकेक करून ओघळतात. स्ट्रॉबेरीच्या डब्याला तीस दाणे खूप झाले. मग वाटीच्या पालथ्या तळाने अलगद दाबा. दाणा रुतायला नको, फक्त ओल्या पृष्ठभागाला चिकटायला हवा. वरून काही नाही. फवाऱ्याच्या बाटलीने दोन वेळा धुकं सोडा, झाकण लावा, वर तारीख लिहा.

तारीख लिहाच, कारण हे बी सबुरी बघतं. पहिले कोंब आठव्या-दहाव्या दिवशी, आणि एकाच डब्यातले शेवटचे विसाव्या-एकविसाव्या दिवशीही येतात. बाराव्या दिवशी कंटाळून डबा उपडा करणारे मी पाहिलेत, त्यात उगवायच्या बेतात असलेलं बी होतं. १८ ते २२ अंशांना सगळ्यात चांगलं उगवतं. पुण्यात थंडीत घरात साधारण तेवढं किंवा थोडं जास्त असतंच, म्हणून उगवेपर्यंत डबा घरात, पूर्वेच्या खिडकीशी ठेवा. बाहेर बाल्कनीत डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास गेला तर बी मरत नाही, पण खोळंबतं. थेट उन्हात मात्र बंद डबा कधीच ठेवू नका, तासाभरात आत भट्टी होते. मुंग्यांचंही बघा. बी उघड्यावर असल्याने त्या ते उचलून नेतात. डबा पाण्याच्या ताटलीत छोट्या वाटीवर ठेवला की झालं. बी आधी ओल्या टिश्यूत गुंडाळून आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवा असंही काही जण सांगतात. ताज्या बियाला त्याची गरज पडत नाही.

कोंब फुटला की दोन गोलसर बी-पानं दिसतात, मसुरीच्या डाळीपेक्षाही लहान. निम्मं बी उगवलं की झाकण दिवसा काढायला लागा, आधी तास-दोन तास, तीन-चार दिवसांत पूर्ण. आणि आता उजेड वाढवा. खिडकीपासून दूर राहिलेली रोपं दोन दिवसांत दोऱ्यासारखी लांबतात आणि मग काही केल्या सावरत नाहीत. सकाळचं कोवळं ऊन तासभर मिळालं तर उत्तम.

जूनमध्ये तुमच्याकडे जे झालं त्याला रोप कोलमडणं म्हणतात. ते जवळून बघितलं तर ओळखू येतं. रात्री ताठ असलेलं रोप सकाळी झोपलेलं असतं. पानं अजून हिरवी असतात, पण माती जिथे देठाला टेकते तिथे देठ पाणचट होऊन सुईच्या टोकासारखा बारीक झालेला असतो. एक पडलं की दुसऱ्या दिवशी शेजारचं. हे होतं दाटीमुळे, कोंडलेल्या हवेमुळे आणि पृष्ठभाग सतत ओला राहिल्यामुळे. जून-जुलैत पुण्यातली हवाच ओली असते, त्यात झारीने वरून पाणी. उपाय असा की कोंब आल्यावर पाणी वरून द्यायचंच नाही. परातीत बोटाच्या पेराइतकं पाणी घ्या, डबा त्यात दहा मिनिटं ठेवा, तळातून ओल वर चढली की उचला. पुन्हा पाणी कधी? डबा हातात हलका लागला की. चार-पाच दिवस सवय झाली की हाताला वजन कळायला लागतं. एखादं रोप पडलंच तर ते आजूबाजूच्या चमचाभर कोकोपीटसकट काढून टाका, झाकण कायमचं बाजूला ठेवा आणि पंखा मंद लावून हवा खेळू द्या. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी खताच्या दुकानात मिळते. पेरायच्या दोन दिवस आधी पाव चमचा कोकोपीटमध्ये मिसळली तर हा धोका बराच कमी होतो. पडायला लागल्यावर घालून फारसा फायदा नाही.

दाटी झाली असेल तर उपटू नका, शेजारच्याची मुळं दुखावतात. लहान कात्रीने जमिनीलगत कापा. जीव तुटतो, मला अजूनही तुटतो, पण तीसमधली दहा नीट वाढवलेली रोपं घराला उरून पुरतात.

खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या, म्हणजे पेरणीपासून साधारण पाच-सहा आठवड्यांनी, रोप हलवायचं. तेव्हा एक पान दोन बोटांत हळूच चोळून बघा. आधी हिरवट, गवतासारखा वास येतो आणि त्याच्या मागून लिंबाच्या सालीचा. उचलताना रोप पानाला धरा, देठाला नाही. पान फाटलं तर नवीन येतं, देठ चेपला तर रोप गेलं. आधी चहाच्या कपाएवढ्या पिशवीत, आणि महिन्याभराने आठ-दहा इंची कुंडीत. उंच कुंडीपेक्षा पसरट बरी, कारण झाड आडवं भरतं. पण पुदिन्यासारखं जमिनीखालून धावत नाही, एका जागी झुडूप करतं, त्यामुळे शेजारच्या कुंड्यांना त्रास नाही. कुंडीसाठी दोन वाटे लाल माती, एक वाटा गांडूळखत, एक वाटा कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. काळी माती नको, ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. खत पुढेही बेतानेच. जास्त खताने पानं मोठी होतात आणि वास पातळ होतो.

रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. बाजूने फुटवे येतात, त्यांचेही शेंडे खुडा. पेरणीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी पहिली नीट तोडणी मिळते. एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त घेऊ नका.

तुमची बाल्कनी पूर्वेची आहे, हे या झाडासाठी पुण्यात सगळ्यात चांगलं. सकाळचं तीन-चार तास ऊन पुरतं. पश्चिमेच्या बाल्कनीत मार्चनंतर ते टिकवणं कठीण जातं, कारण दुपारचं ऊन जितकं भाजतं तितकीच तापलेली फरशी आणि कठडाही भाजतात. एप्रिल-मे महिन्यांत कुंडी कठड्यावरून खाली उतरवा, विटांवर ठेवा, वर ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी बांधा आणि पाणी सकाळीच द्या. तरीही पानं लहान आणि फिकट होतील. घाबरू नका, झाड तग धरून असतं. त्या दिवसांत पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि पिवळे ठिपके दिसले तर तो लाल कोळी. दोन-तीन दिवसांआड पानं उलटी करून पाण्याने धुतली तरी बराचसा जातो. नाहीच गेला तर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण घालून फवारा, आणि नंतर आठवडाभर पानं खाऊ नका.

पावसाळ्यात उलटी काळजी. पुण्याची ती आठ-आठ दिवसांची भुरभुर या झाडाला मानवत नाही. जुलै आला की झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा आणि कुंडी छज्जाखाली घ्या. कापलेल्या काड्या फेकू नका. खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेवल्या तर पंधरा दिवसांत मुळं फुटतात. म्हणजे बियांची एवढी खटपट एकदाच, पुढची झाडं काड्यांपासून. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल आणि मातीवर पांढरी खपली येत असेल, तर पावसाळ्यात एक-दोनदा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने कुंडी आरपार धुऊन घ्या.

पानं वापरताना एकच गोष्ट सांगतो, कारण ती सगळे चुकतात. गवती चहासारखी ही चहात उकळू नका, वास वाफेबरोबर निघून जातो. कपात आठ-दहा ताजी पानं चुरडून घाला, वर उकळून उतरवलेलं पाणी ओता आणि बशी झाकून सात-आठ मिनिटं ठेवा. झाकण काढताना नाक जवळ न्या. वाळवलेल्या पानांत तो वास फारसा उरत नाही, म्हणून हे झाड घरी कुंडीतच असावं असं मला मनापासून वाटतं. युरोपात आणि युनानी वैद्यकात हे मन शांत करण्यासाठी फार जुन्या काळापासून वापरतात. अकराव्या शतकातल्या इब्न सिना या वैद्यानेही त्याची तारीफ केली आहे. युनानीत याला बादरंजबोया म्हणतात, पण त्या नावाने दुकानात मिळणारा वाळका पाला दुसऱ्याच झाडाचाही असतो. अधूनमधून कपभर पिण्यात काही अडचण नाही. मात्र थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, किंवा गरोदरपण असेल, तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता उरलेल्या बियांचं. ते जूनपासून कुठे ठेवलंय? ओट्यावरच्या फडताळात असेल तर आजच छोट्या काचेच्या बाटलीत घालून, घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवा. पण त्याआधी वीस दाणे मोजून काढा. ओल्या टिश्यूवर पसरा, वर आणखी टिश्यू नको, पारदर्शक डब्यात झाकून उजेडात ठेवा. तीन आठवड्यांत वीसपैकी आठ-दहा उगवले तर बी उत्तम आहे. तीन-चार उगवले तरी चालेल, फक्त दिवाळीनंतर दुप्पट पेरा. एकही नाही आलं, तरच नवं पाकीट मागवा, आणि मागवताना त्यावर पॅकिंगचं वर्ष बघा. दोन वर्षांपेक्षा जुनं घेऊ नका. परीक्षेत उगवलेले कोंबही वाया घालवू नका. टिश्यूचा तेवढा तुकडा कापून कोंबासकट ओल्या कोकोपीटवर ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हापासून घरात जपलेत, तर यंदाची पहिली दोन-तीन रोपं तीच असतील.